अर्ध्या तुमच्या, अर्ध्या आमच्या

७ जानेवारी, बुधवार

काल सावनेरहून इथे शहरात आलो, बेसाला मिनलकडे. लेकीच्या घरी मुक्काम ठोकून राहणं मला जड जातं. जावई अंकित चांगला आहे, पण सकाळी न्हाणीघरात तो आधी जाईल की मी जाऊ, याच विचारात मी पहाटेपासून पडून असतो. माझ्या बायकोला, शामलाला, त्याचं काही वाटत नाही. बायपास तिची आहे, आणि आल्या आल्या ती मिनलला सांगत बसली, "तुह्या बाबाले कच्चा कांदा सोसत नाही. वरण पातळ लागते. दह्याले हात लावू देऊ नको." ऑपरेशन हिचं आणि चर्चा माझ्या पोटाची.

ही डायरी खतवाल्याकडून दरवर्षी फुकट मिळते. आजवर तिच्यात पेरणी, फवारणी, कापसाचा वेचा एवढंच लिहिलं. इथे वावर नाही, म्हणून जे घडेल ते लिहितो. लिहिलं की धडधड जरा बसते. सातवीपर्यंतच शिकलो, कुठे चुकलं तर वाचणारा मीच आहे.

१२ जानेवारी, सोमवार

आज रामदासपेठेत दवाखान्यात गेलो. ऑपरेशन महिन्याच्या शेवटी ठरलं. मोठे डॉक्टर पाच मिनिटं भेटले. नंतर डॉ. हिमानी म्हणून एक तरुण डॉक्टरीण आली. तिने आम्हा तिघांना खुर्च्या दिल्या आणि सावकाश समजावून सांगितलं.

ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवतात. तेवढा वेळ रक्त मशीन फिरवते. काम झालं की रक्त परत हृदयात सोडतात. त्या वेळी प्राणवायू एकदम येतो आणि त्याचे असे काही कण तयार होतात की ते आपल्याच शरीराला इजा करतात. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. कोरोनात ज्या ऑक्सिजनसाठी माणसं रस्त्यावर धावली, तोच माणसाला इजा करतो म्हणे. तिने विचारलं, "काका, कापलेलं सफरचंद लाल पडतं ना? थोडंफार तसंच." आमच्या घरी सफरचंद आजारपणातच येतं, पण वांगं काळं पडतं ते मी रोज पाहतो. मला समजलं.

या कणांना आवर घालणारं जे असतं ते अँटिऑक्सिडंट. त्याच्या कॅप्सूल ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दिल्या तर फायदा होतो का, हे ती तपासते आहे. निम्म्या पेशंटना औषधाची कॅप्सूल, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. बाकीचा सगळा इलाज सगळ्यांना सारखाच.

"आमची कोणती?" मी विचारलं.

"मलाही माहीत नाही, काका. कोणालाच सांगत नाहीत. आणि खऱ्या कॅप्सूलचा फायदा होतो की नाही, तेही अजून माहीत नाही. म्हणून तर तपासायचं."

डॉक्टरला माहीत नाही, हे माझ्या काही पचनी पडलं नाही. डॉक्टर असून माहीत नाही म्हणजे लपवून राहिली. मी नको म्हणणार होतो, पण शामलाने कागद मिनलकडून नीट वाचून घेतला आणि सही केली. म्हणाली, "माह्या मागून येणाऱ्या बायांच्या कामी येईन ना." एक पांढरी डबी मिळाली.

बाहेर बाकावर भैयाजी भेटले. इतवारीत त्यांचं धान्याचं दुकान आहे. त्यांचीही बायपास, आमच्या एक दिवस आधी. त्यांच्या हातातही तशीच डबी. शेजारी त्यांची बायको अंजनाबाई, पिशवी छातीशी धरून बसलेली.

मी त्यांना एका वर्षाची गोष्ट सांगितली. आमच्या गावात कापसाचं बोगस बियाणं आलं होतं. माझी थैली खरी की धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याची खरी, कळायला मार्ग नव्हता. आम्ही दोघांनी दोन वावरांमधल्या धुऱ्यावर पोतं अंथरलं, दोन्ही थैल्या त्यावर ओतल्या, मिसळल्या आणि अर्ध्या अर्ध्या वाटून घेतल्या. दोघांच्याही वावरात अर्धीच पऱ्हाटी उगवली, पण कोणाचं वावर अख्खं उघडं पडलं नाही.

भैयाजींनी डबी कानाशी नेऊन हलवली. "मनोहरराव, मग यातही तेच करू ना गा. अर्ध्या तुमच्या, अर्ध्या आमच्या. कोणाचंही नुकसान नाही."

मला एकदम हलकं वाटलं. रविवारी अंजनाबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. शामलाला बोलावलं आहे. तेव्हा मिसळू असं ठरलं.

१४ जानेवारी, बुधवार

मिनलने मोबाईलवर अँटिऑक्सिडंट कशाकशात असतात ते शोधून दाखवलं. आवळा, हळद, जवस, लसूण, टमाटर. यातलं सगळं आमच्या घरात माझ्या आजीपासून आहे. मग हिच्या हृदयाच्या नळ्या कशाने भरल्या? मिनल म्हणाली, "बाबा, साखर आहे, बीपी आहे, आणि आईनं स्वतःच्या दुखण्याचं कधी कोणाले सांगितलं का?" मी म्हणालो, मले तर सांगितलं असतं. मिनल तीळ भाजत राहिली.

शामलाने आज मला गॅसजवळ उभं केलं आणि वरणाला फोडणी द्यायला लावली. मोहरी तडतडली की जिरं, मग हिंग, मग मिरची. मी आधी हिंग टाकला तर तिने पुन्हा करायला लावलं. मी चिडलो. या वयात मला शिकवून काय करायचं आहे? घरात दोन बाया असताना? ती म्हणाली, "येत असू द्या." आजारपणात माणूस हेकेखोर होतो, म्हणून मी पुढे वाद घातला नाही.

१७ जानेवारी, शनिवार

आज मी एक काम केलं आणि केल्यापासून माझं मन ठिकाणावर नाही.

मिनल भाजीसाठी वांगी चिरत होती. फोडी पातेल्यात मिठाच्या पाण्यात टाकून ती गॅलरीत फोनवर बोलायला गेली. मला डॉक्टरिणीचं बोलणं आठवलं. कॅप्सूल खरी असेल तर तिने वांग्यालाही काळं पडू देऊ नये. मी डबीतून एक कॅप्सूल काढली, उघडली. आत पांढरी भुकटी. पातेल्यातली एक फोड घेतली, धोतराला पुसली आणि तिच्यावर भुकटी भुरभुरली. मग वाटलं, जोडीला एक साधी फोडही पाहिजे. विळीवर देठाकडचा तुकडा उरला होता, त्यातून एक कापली. दोन्ही ताटलीत ठेवून देवघराच्या मागे लपवल्या.

मिनल आल्यावर ओरडली. "बाबा, पाण्यातल्या फोडी काहून काढता? मांजर आली का काय म्हटलं मी."

तासाभराने पाहिलं. साधी फोड काळी. भुकटीची फोड पांढरी.

म्हणजे आमची खरी. देवाला हात जोडले. आणि हात जोडलेले असतानाच दुसरा विचार आला. आमची खरी म्हणजे भैयाजींची नकली असणार. दोघांत एक खरी, एक नकली. उद्या मिसळल्या तर शामलाचं अर्धं औषध जाणार आणि त्याच्या जागी मैदा येणार.

१८ जानेवारी, रविवार

गेलो नाही. भैयाजींना फोन करून सांगितलं की शामलाला थकवा आहे. ते म्हणाले, "अरे, मग आराम करू द्या ना वहिनीले. आपण मंगळवारी करू. हळदीकुंकू काय, रथसप्तमीपर्यंत चालते." इतक्या चांगल्या आवाजात बोलले की मला फोन ठेवता येईना.

शामला साडी नेसून तयार होती. "मले कुठं थकवा आहे?" तिने विचारलं. तिच्यापुढे मला गप्प राहणं फार वेळ जमत नाही. सगळं सांगितलं. बियाणं, मिसळणं, कॅप्सूल, वांग्याची फोड.

फोडीपर्यंत ती ऐकून घेत होती. मग विचारलं, "फोड कुठली घेतली?"

"मिनलच्या पातेल्यातली."

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, छातीला हात लावून हसली. मी घाबरलो, पाणी दिलं. काहून हसतेस, विचारलं तर नुसती मान हलवली. मग म्हणाली, "आपली खरी आहे म्हणता ना? मग अर्धी देऊन या."

"तुले समजते का वं, मी काय म्हणून राहिलो?"

"समजते. तुम्ही त्याले शब्द दिला. शिवाय ती अंजनाबाई त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या दोनदा रडली. तुम्ही पाहिलं नाही, तुम्ही बियाण्याचं सांगत होता."

मी म्हणालो, तुले काही झालं तर?

ती साडीच्या निऱ्या सोडत होती. म्हणाली, "काही झालं तर कॅप्सुलीनं झालं असं म्हणत बसू नका. तेवढं कबूल करा."

मी कबूल केलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

इतवारीत भैयाजींच्या घरी गेलो. दुकानाच्या वर घर, जिना उभा. शामला एकेका पायरीवर थांबत चढली. भैयाजी वरून आम्हाला घ्यायला खाली उतरले आणि आमच्याआधी परत वर पोचले. मी पाहत राहिलो.

"पाहिलं का मनोहरराव? आठ दिवसांपूर्वी हा जिना मी मध्ये बसून चढत होतो. कॅप्सूल सुरू झाली आणि एकदम फर्स्टक्लास. झोप लागते, भूक लागते. माझी असली आहे, शंभर टक्के."

मी पिशवीतून आमची डबी काढली.

अंजनाबाईंनी आतून तिळाचे लाडू आणले. त्या म्हणाल्या, "मी म्हटलं यांले, तुमची असली आहे तर काहून मिसळता? तर म्हणते, वहिनीची नकली निघाली तर मी कोणत्या तोंडानं मनोहररावाले भेटू?"

भैयाजी म्हणाले, "टेन्शन घेऊ नका गा. असली माल अर्धा भेटला तरी पुरते. मी जिंदगीभर गहू विकला, मले माल समजते."

मी शामलाकडे पाहिलं. ती अंजनाबाईंकडून हळदीकुंकू लावून घेत होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, पण ओठ घट्ट मिटलेले होते. हसू दाबून राहिली होती, एवढं मला ओळखता येतं.

अंजनाबाईंनी धुतलेला टॉवेल अंथरला. दोन्ही डब्या त्यावर ओतल्या. भैयाजींनी धान्य चाळतात तसा हात फिरवला. आता कोणती कोणाची, देवालाच माहीत. निम्म्या त्यांच्या डबीत, निम्म्या आमच्या. एक जास्तीची उरली. भैयाजी म्हणाले वहिनीले द्या, मी म्हणालो तुम्ही घ्या. शेवटी ती शामलाला दिली. परत येताना ऑटोत मी त्याच एका कॅप्सूलचा विचार करत होतो. ज्याची नकली आहे तो माणूस आपली असली समजून अर्धी देऊन मोकळा झाला, आणि मी खरी असून दोन दिवस लपवत होतो.

"आता तरी बोला," शामला म्हणाली.

मी म्हणालो, भैयाजी चांगला माणूस आहे.

"तुम्हीही काही वाईट नाही," ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली.

२४ जानेवारी, शनिवार

शामलाने सावनेरच्या घराच्या किल्ल्या मिनलला दाखवल्या. कोणती कोठीची, कोणती मागच्या दाराची. मी म्हणालो, पंधरा दिवसांत तर जायचं आहे आपल्याला, किल्ल्यांचं कशाला? तिने मला पांढरा सदरा घालून बघायला लावला. खांद्यात सैल झाला म्हणाली. अंकितने आज स्वतःहून माझ्यासाठी न्हाणीघरात स्टूल ठेवलं. मला भरून आलं. हल्ली मला कशानेही भरून येतं.

२७ जानेवारी, मंगळवार

भरती केलं. दुपारी डॉ. हिमानी आली. तिने डबी मागितली. कॅप्सूल वेळेवर घेतल्या का, काही चुकलं का, विचारलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होतो.

"सांगून टाका," शामला पलंगावरून म्हणाली. "नाही तर तुमचंच बीपी वाढन, आणि इथं मले सोडून सगळे तुमच्यामागं लागतीन."

मी सांगितलं. डॉक्टरीण स्टुलावर बसली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काका, दोघांनी मिळून माझे दोन पेशंट घालवले तुम्ही. आता या दोघांचं काहीच मोजता येणार नाही. तुम्ही मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं."

"हो, नाहीच म्हटलं असतं."

मी विचारलं की आता ऑपरेशन रद्द करणार का. ती उठून बाहेर गेली. तिने फोन केले, हिचं रक्त पुन्हा तपासायला पाठवलं. तो वेळ कसा गेला ते मला लिहिता येत नाही. मी पलंगाच्या दांडीला धरून उभा होतो. शामला म्हणाली बसा. मला बसता आलं नाही. माझ्या हुशारीने हिचं ऑपरेशन अडलं तर मी कोणाला तोंड दाखवू, हेच डोक्यात होतं.

डॉक्टरीण परत आली. "ऑपरेशन ठरल्याप्रमाणे होईल. कॅप्सूलने काही बिघडलेलं नाही. आता मात्र त्या बंद."

"पण बाई, मशीनमधून रक्त परत येईन तेव्हा त्या कणांचं काय?"

"ते काम आमचं. रोज करतो आम्ही. काका, मी पहिल्या दिवशी खोटं बोलले नव्हते. अख्खी डबी घेतली असती तर फायदा झाला असता का, ते मला खरंच माहीत नाही."

आज पहिल्यांदा मला तिचं पटलं. तिचे डोळे थकलेले होते. लपवणारी माणसं इतकी थकत नाहीत. मात्र पटल्यावर भीती कमी व्हायला पाहिजे होती, ती वाढली.

मी हळूच म्हणालो, भैयाजीले सांगू नका की त्यांची नकली होती. त्यांना फार विश्वास आहे.

"कोणाची कोणती ते मलाच माहीत नाही, तुम्हाला कसं कळलं?"

मी वांग्याचं सांगितलं. तिने विचारलं, फोड कुठून घेतली. मी सांगितलं, मिनलच्या पातेल्यातून, मिठाच्या पाण्यातली. डॉक्टरिणीने मिनलकडे पाहिलं. मिनल आपल्या बांगड्या मागेपुढे करत होती. शामलाने चादर तोंडावर ओढली. माझी युक्ती त्या डॉक्टरिणीलाही सुचली नसेल, म्हणून गप्प झाली असावी.

"नाही सांगणार भैयाजींना," ती म्हणाली, आणि जाताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

२८ जानेवारी, बुधवार

भैयाजींचं ऑपरेशन झालं. व्यवस्थित. अंजनाबाई माझ्यापुढे उभ्या राहून हात जोडायला लागल्या. "भाऊजी, तुमच्या अर्ध्या कॅप्सुली होत्या ना." मी म्हणालो, अहो, असली तर त्यांचीच होती. हे मी का म्हणालो मला माहीत नाही. खोटं बोलणं मला जमत नाही, पण हे सहज बोललो.

२९ जानेवारी, गुरुवार

सकाळी नेलं. जाताना शामला म्हणाली, "उपाशी राहू नका." मी राहिलो. मिनलने बिस्कीट दिलं, ते हातातच मऊ झालं.

आता हृदय थांबवलं असेल. आता मशीनवर असेल. आता रक्त सोडलं असेल. हे दर थोड्या वेळाने वाटत होतं, आणि प्रत्येक वेळी मी श्वास रोखून धरत होतो. जसा माझ्या नाकातून प्राणवायू कमी गेला तर तिकडेही कमी पोचेल. अंकितने पाहिलं, म्हणाला, "बाबा, श्वास घ्या." तो शेजारी बसला आणि मला आठवण देत राहिला.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. हृदय आपलं आपण चालू झालं म्हणाले. मला पुढचं ऐकू आलं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

काचेतून पाहिलं. नळ्याच नळ्या. हाताची बोटं हलली. मी पण बोटं हलवली. तिला दिसलं की नाही माहीत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

शामला वॉर्डात आली. भैयाजी दोन पलंग सोडून आहेत. खोकताना छातीशी धरायला दोघांना उशी दिली आहे. भैयाजी आपली उशी घट्ट धरून बसतात, जशी कोणी पळवेल. "वहिनी, आपण दोघं असली मालावर चाललो," असं ते दिवसातून चारदा म्हणतात. शामला म्हणते, "हो ना, भाऊजी," आणि उशीत तोंड घालते. टाके दुखतात म्हणून तिला हसायची मनाई आहे.

आज तिला चालवायचं होतं. सिस्टरने उठवून उभं केलं. ती निघाली, हळूहळू, एक हात भिंतीला. मी मागे. तिचा तोल गेलाच तर धरता यावं म्हणून दोन्ही हात पुढे करून. शेजारी डॉ. हिमानी चालत होती. ती मला हळू आवाजात म्हणाली, "काका, सगळे पेशंट पूर्ण झाले की कोणाला कोणती कॅप्सूल दिली ती यादी उघडतील. तेव्हा तुमच्या डबीत मुळात काय होतं ते मी सांगू शकेन. सांगू का?"

मी तोंड उघडणार एवढ्यात शामला थांबली. मला वाटलं चक्कर आली.

तिने मान वळवली. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम होता, पण डोळे तिचेच होते.

"मागं मागं काहून चालून राहिले? मले तुम्ही दिसत नाही."

लग्न झाल्यापासून बाजारात, देवळात, वावराच्या वाटेवर मी पुढे आणि ही मागे, असंच चाललो आम्ही. मी कधी वळून पाहिलं नाही, कारण ती मागे आहे हे ठाऊक असायचं. तिला मात्र सगळी वर्षं मी समोर दिसत होतो.

मी तिच्या बाजूला गेलो. तिने भिंतीचा हात काढून माझ्या मनगटावर ठेवला. हात गरम होता. आम्ही खिडकीपर्यंत गेलो, तिथे थोडं थांबलो, आणि तसेच परत आलो.

डॉक्टरीणबाईंना उत्तर द्यायचं राहूनच गेलं. आत्ता लिहिताना लक्षात आलं.